वातावरणाचा पाठ आणि पाच पट्ट्यांचे चित्र

माध्यमिक शाळेचे भूगोलाचे पुस्तक उघडले की वातावरणाच्या पाठात दोन गोष्टी बहुधा सापडतातच. एक, हवेतील वायूंच्या प्रमाणाचा तक्ता. दुसरी, एकावर एक रचलेल्या रंगीत पट्ट्यांचे चित्र: खाली तपांबर, त्यावर स्थितांबर, मध्यांबर, दलांबर आणि सर्वांत वर बाह्यांबर. तपांबरात ढग आणि डोंगर, स्थितांबरात ओझोनची रेघ, मध्यांबरात उल्का, दलांबरात उपग्रह. पुस्तकांचा कागद सुधारला, छपाई रंगीत झाली; तक्ता आणि चित्र मात्र जवळजवळ तसेच राहिले.

यातील बहुतेक माहिती बरोबर आहे. ती चुकीची असती तर शुद्धिपत्राने काम भागले असते. आमचा आक्षेप वेगळा आहे. हा पाठ विद्यार्थ्याला उत्तरे देतो, पण ती कोणत्या प्रश्नांची उत्तरे आहेत हे सांगत नाही. थर पाचच का? एक थर संपून दुसरा सुरू झाला हे कोणी आणि कशावरून ठरवले? तक्त्यात ज्याचे प्रमाण जास्त त्याचे महत्त्वही जास्त असते काय? हे प्रश्न न विचारताच पाठ पुरा होतो, परीक्षेत नावे क्रमाने लिहिली जातात आणि गुण मिळतात. वातावरण म्हणजे चिठ्ठ्या चिकटवलेल्या फळ्यांचे कपाट, एवढीच समजूत मुलांच्या मनात उरते. आज हवामानबदलाविषयी जे काही ऐकू येते त्यातील खरे-खोटे पारखण्याचे साधन याच पाठात आहे. ते हातात न देताच आपण पुढच्या पाठाकडे वळतो. म्हणून आधी तक्ता आणि मग चित्र, असे दोन्ही जरा बारकाईने तपासावेत.

तक्ता काय सांगतो, काय सांगत नाही

नायट्रोजन ७८.०८ टक्के, ऑक्सिजन २०.९५ टक्के, अरगॉन ०.९३ टक्के. हे आकडे कोरड्या हवेचे आहेत, ही गोष्ट बऱ्याचदा तळटिपेत जाते किंवा गळूनच पडते. पण कोरडी हवा प्रयोगशाळेबाहेर भेटते कोठे? ३० अंश सेल्सियस तापमानाच्या, बाष्पाने पूर्ण भरलेल्या हवेत पाण्याचे रेणू सुमारे चार टक्के असतात. म्हणजे जुलैतील कोकणच्या हवेत बाष्पाचे प्रमाण अरगॉनच्या तिपटीहून जास्त असू शकते, तर हिवाळ्यातील लडाखच्या हवेत ते अगदी नगण्य असते. ढग, पाऊस, दव, धुके हे सारे ज्याच्यामुळे घडते तो घटक तक्त्याबाहेर राहतो, कारण त्याचा एकच आकडा देता येत नाही. बाष्पामुळे हवा जड होते ही समजूतही इथेच दुरुस्त करता येईल. पाण्याच्या रेणूचे वजन १८, नायट्रोजनच्या रेणूचे २८ आणि ऑक्सिजनच्या रेणूचे ३२. तेव्हा सारख्याच तापमानाची आणि दाबाची दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकीच असणार.

अरगॉनची ओळही अशीच घाईने वाचली जाते. वास्तविक तिच्यामागे विज्ञानाच्या इतिहासातील एक सुंदर हकीकत आहे. १७८५ साली कॅव्हेंडिशने हवेतील नायट्रोजन विजेच्या ठिणग्यांच्या साहाय्याने ऑक्सिजनशी संयोग करून काढून टाकला. शेवटी एक लहानसा बुडबुडा उरला. तो मूळ नायट्रोजनच्या एकशेविसाव्या भागाहून मोठा नाही, अशी नोंद त्याने केली आणि विषय तिथेच थांबला. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी रॅले यांना आढळले की हवेपासून मिळवलेला नायट्रोजन रासायनिक संयुगांपासून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्धा टक्का जड भरतो. एवढा फरक वजनातील चूक म्हणून सोडून देणे सोपे होते. त्यांनी तो सोडला नाही. १८९४ साली रॅले आणि रॅम्से यांनी अरगॉनचा शोध जाहीर केला. आपण प्रत्येक श्वासाबरोबर जो वायू आत घेतो आणि बाहेर सोडतो, तो रसायनशास्त्राला शंभर वर्षे दिसला नव्हता. ०.९३ या आकड्याशेजारी ही हकीकत चार ओळींत सांगितली, तर अचूक मोजमाप कशासाठी करायचे हे वेगळे शिकवावे लागणार नाही.

ऑक्सिजनच्या २१ टक्क्यांसाठी पुस्तके बहुधा पेटती मेणबत्ती, पाण्याची बशी आणि उपडा पेला यांचा प्रयोग देतात. मेणबत्ती विझते, पाणी पेल्यात चढते आणि चढलेले पाणी म्हणजे संपलेला ऑक्सिजन, असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष टिकत नाही. मेणबत्ती ऑक्सिजन पूर्ण संपण्याच्या कितीतरी आधी, तो सुमारे १६ टक्क्यांवर आला की विझते; शिवाय जळताना कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प तयार होते. पाणी चढते ते मुख्यतः तापून प्रसरण पावलेली हवा थंड होऊन आकसते म्हणून. एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवल्या तर पाणी जास्त चढते, एवढे पाहिले तरी विद्यार्थ्यालाच शंका येईल. त्याऐवजी परीक्षानळीच्या आतल्या बाजूला ओला लोखंडाचा कीस चिकटवून ती पाण्यात उपडी ठेवावी. काही दिवसांत लोखंड गंजते आणि पाणी नळीच्या सुमारे एकपंचमांश उंचीपर्यंत चढून थांबते. हा प्रयोग सावकाश चालतो, पण खरे उत्तर देतो.

आता कार्बन डायऑक्साइड. अनेक तक्त्यांत या वायूचे प्रमाण ०.०३ टक्के दिलेले असते. १९५८ साली हवाई बेटांवरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी नियमित मोजमाप सुरू केले, तेव्हा हवेच्या दर दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ रेणू होते, म्हणजे ०.०३१५ टक्के. तेव्हा ०.०३ हा आकडा योग्यच होता. २०२४ साली हेच प्रमाण दहा लाखांत ४२० च्या वर होते, म्हणजे ०.०४२ टक्के. यंत्रयुगापूर्वी ते सुमारे २८० होते. तक्त्यातील इतर कोणताही मोठा आकडा माणसाच्या एका आयुष्यात असा हललेला नाही. ०.०३ खोडून ०.०४ छापणे हा यावरचा उपाय नव्हे, कारण तसे केले तरी हा आकडा बदलतो आहे ही मुख्य गोष्ट लपूनच राहते. या ओळीत दोन आकडे हवेत आणि दोन्हींसमोर साल हवे.

मग एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारतो, दहा हजारांत चार एवढ्या क्षुल्लक वायूने पृथ्वी कशी तापेल? प्रश्न रास्त आहे आणि तक्ता त्याचे उत्तर देत नाही. उलट तक्त्याची उतरती मांडणी त्याची दिशाभूल करते. जॉन टिंडाल यांनी १८५९ पासून केलेल्या प्रयोगांत नळीत निरनिराळे वायू भरून त्यांतून उष्णतेचे किरण पाठवले. नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांनी ते किरण जवळजवळ अडवलेच नाहीत. बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड यांनी मात्र ते शोषले. हवेचा ९९ टक्के भाग जमिनीकडून वर जाणाऱ्या अवरक्त किरणांना जवळपास पारदर्शक आहे. राहिलेल्या थोड्याशा वायूंना म्हणूनच एवढे महत्त्व आहे. प्रमाण आणि परिणाम या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे तक्त्याखाली एका वाक्यात लिहिता येईल.

जड वायू खाली, हलके वायू वर?

तक्त्यानंतर चित्र आले की विद्यार्थ्याच्या मनात दोहोंची सांगड आपोआप बसते: थर आहेत तेव्हा जड वायू खाली साचले असतील आणि हलके वर तरंगत असतील. काही पूरक पुस्तकांत हे वाक्य छापलेलेही आढळते. सुमारे १०० किलोमीटर उंचीपर्यंत ते खरे नाही. तोपर्यंत वारे आणि भोवरे हवा इतकी ढवळत असतात की नायट्रोजन, ऑक्सिजन व अरगॉन यांचे परस्पर प्रमाण कन्याकुमारीच्या किनाऱ्यावर जेवढे, जवळजवळ तेवढेच ५० किलोमीटरवरही असते. कार्बन डायऑक्साइडचा रेणू हवेच्या सरासरी रेणूच्या दीडपट जड आहे. तरीही त्याचे मोजमाप सुमारे ३,४०० मीटर उंचीवरच्या मौना लोआवर करता येते, ते या ढवळण्यामुळेच. वजनाप्रमाणे वायू वेगळे होऊ लागतात ते १०० किलोमीटरच्या वर, जिथे हवा फार विरळ होऊन ढवळणे थांबते.

एव्हरेस्टवर ऑक्सिजन कमी असतो, हे वाक्यही याच गैरसमजाला हातभार लावते. शिखरावरही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो. कमी असतो तो एकूण दाब. १९८१ साली शिखरावर प्रत्यक्ष मोजलेला वायुदाब पाऱ्याच्या २५३ मिलिमीटर भरला. समुद्रसपाटीला तो ७६० असतो. म्हणजे एका श्वासात छातीत जाणारे सारेच रेणू एकतृतीयांश होतात आणि त्यांत ऑक्सिजनही आला.

चित्रातील अंतरे

आता पट्ट्यांकडे वळू. चित्रात पाचही पट्टे साधारण सारख्या रुंदीचे असतात. जागेची अडचण समजण्यासारखी आहे. पण हे चित्र प्रमाणात नाही, एवढे तरी त्याखाली लिहायला हवे. वर्गात पुढील गोष्ट करून पाहावी. भिंतीवर एक सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर असे प्रमाण धरून खुणा कराव्यात. कळसुबाई १.६ सेंटिमीटरवर येईल, एव्हरेस्ट ९ सेंटिमीटरच्या किंचित खाली. आपल्याकडील तपांबराचा माथा १७ सेंटिमीटरवर, स्थितांबराचा ५० वर, मध्यांबराचा ८५ वर. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक चार मीटरवर, म्हणजे बहुतेक वर्गांच्या छताच्या वर जाईल. मग हवा कोठे आहे ते दाखवावे. एकूण हवेपैकी निम्मी पहिल्या साडेपाच सेंटिमीटरांत. नव्वद टक्के पहिल्या सोळा सेंटिमीटरांत. पन्नासच्या खुणेच्या वर सारी मिळून हजारात एक भाग. चित्रातील वरचे तीन पट्टे डोळ्यांत भरतात, पण त्यांत हवा जवळजवळ नाहीच.

दुसरी गोष्ट म्हणजे पट्ट्यांमधल्या सरळ रेघा. तपांबराचा माथा, म्हणजे तपस्तब्धी, सगळीकडे सारख्या उंचीवर नसते. ध्रुवांकडे ती सुमारे ८ किलोमीटरवर असते, मध्यम अक्षांशांवर ११ च्या आसपास, आपल्याकडे १६ ते १७ किलोमीटरवर. सरसकट ११ किंवा १२ किलोमीटर हा आकडा युरोप-अमेरिकेच्या आकाशाचा आहे. मुंबई-नागपूरच्या मुलांनी तो का पाठ करावा?

थर कशावरून ठरले?

आता मुख्य मुद्दा. चित्रात बहुतेकदा जी गोष्ट नसते, किंवा कोपऱ्यात बारीक रेघेने काढलेली असते, ती म्हणजे तापमानाचा आलेख. वास्तविक थर म्हणजे या आलेखातील वळणेच. तापमान उंचीबरोबर उतरते तोवर तपांबर. ते उतरायचे थांबून चढू लागले की स्थितांबर. पुन्हा उतरू लागले की मध्यांबर. पुन्हा चढू लागले की दलांबर. आलेख काढून टाकला तर थरांना आधारच राहत नाही. हवेत कोठेही पडदा किंवा रेघ नाही.

पहिले वळण कसे सापडले हे सांगण्यासारखे आहे. उंच जावे तसे थंड होत जाते, हे डोंगर चढणाऱ्यांना ठाऊक होतेच. १८६२ साली इंग्लंडमध्ये ग्लेशर आणि कॉक्सवेल फुग्यातून नऊ किलोमीटरच्या आसपास पोचले, तिथे ग्लेशर बेशुद्ध पडले. तोवर तापमान उतरतच होते. ते असेच उतरत जाणार असे सर्वांनी धरले होते. पुढे माणसाविना, नुसती उपकरणे बांधून फुगे सोडण्याची पद्धत आली. फ्रान्समध्ये पॅरिसजवळ तेसराँ द बोर यांना आढळले की सुमारे ११ किलोमीटरनंतर तापमापकातील उतार थांबतो. पहिली शंका अशी की उन्हाने उपकरणच तापत असेल. म्हणून त्यांनी रात्री फुगे सोडले. उतार तरीही थांबला. दोनशेहून अधिक फुगे सोडल्यावर १९०२ साली त्यांनी निष्कर्ष जाहीर केला. त्याच सुमारास जर्मनीत रिचर्ड आस्मान हेही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आले. या दोन थरांची युरोपीय नावे पुढे तेसराँ द बोर यांनीच दिली. खालच्या थराच्या नावात ढवळण्याचा, उलथापालथीचा अर्थ आहे, तर वरच्याच्या नावात थरांनी पसरण्याचा. आपल्या परिभाषेतील 'स्थितांबर' हा शब्द या दृष्टीने फार चांगला आहे, कारण तिथली हवा खरोखरच स्थिर असते. 'तपांबर' मात्र ऐकताना तप्ततेकडे लक्ष नेतो आणि ढवळण्याचा अर्थ हरवतो. शब्द आता रुळला आहे, तो बदलण्याचे कारण नाही. शिक्षकांनी अर्थ सांगून ही उणीव भरून काढावी.

या शोधाचा पुढचा अध्याय भारतात लिहिला गेला, आणि तो आपल्या पुस्तकांत नाही. भारतीय हवामान खात्यातील के. आर. रामनाथन यांनी भारतातील आणि इतर देशांतील फुग्यांची मोजमापे एकत्र मांडून १९२९ साली 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की खालच्या वातावरणातील सर्वांत थंड हवा ध्रुवांवर नसून विषुववृत्तावर सुमारे १७ किलोमीटर उंचीवर आहे. ऐकताना हे उलटे वाटते. पण आठवी-नववीच्या मुलांना ते गणित करून दाखवता येते. दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश उतार धरा. मध्यम अक्षांशांवर जमिनीवर १५ अंश आणि तपस्तब्धी ११ किलोमीटरवर: उत्तर उणे ५६.५. उष्ण कटिबंधात जमिनीवर २७ अंश आणि तपस्तब्धी १७ किलोमीटरवर: उत्तर उणे ८३.५. जमीन तापलेली असल्यामुळे ढवळणे जास्त उंचीपर्यंत पोचते, उतारही तितका लांबतो आणि माथा जास्त थंड होतो. ऊन जास्त म्हणून वरची हवा थंड! मुलांना विचारात पाडणारे असे उदाहरण सहज मिळत नाही.

वळणे का पडतात याचे उत्तरही अवघड नाही. हवा दोन-तीन ठिकाणी तापते. पहिले ठिकाण जमीन. सूर्यप्रकाशाचा बराच भाग हवेतून आरपार येऊन जमीन तापवतो आणि जमीन हवेला तापवते. चुलीवरच्या पातेल्यातील पाण्याप्रमाणे तळातून तापलेली हवा वर उठते आणि सारा थर ढवळला जातो. दुसरे ठिकाण म्हणजे ओझोन असलेली हवा. तिथे ऑक्सिजन आणि ओझोन अतिनील किरण शोषतात, म्हणून स्थितांबर वरून तापते. वरून तापलेला थर ढवळत नाही. उन्हाळ्यात विहिरीत उडी मारणाऱ्या मुलांना हे ठाऊक असते: वरचे पाणी कोमट, खाली पाय गेले की गार, आणि दोन्ही मिसळत नाहीत. मध्यांबरात अशी सोय नाही, म्हणून तापमान पुन्हा उतरते. दलांबरात सूर्याचे अतिशय प्रखर किरण मूठभर रेणूंवर पडतात, म्हणून ते पुन्हा चढते.

या फरकाचा पुरावा आकाशात दिसतो. मे महिन्यात दुपारी वळवाचा ढग उंच चढत जातो आणि मग त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरतो. मोठ्या वादळात तो पसरतो तिथे तपस्तब्धी असते. वरची हवा जास्त उबदार असल्याने ढगाला पुढे उठता येत नाही. दुसरा पुरावा ज्वालामुखीचा. १९९१ साली फिलिपाईन्समधील पिनाटुबोच्या उद्रेकाने गंधकाचे वायू स्थितांबरापर्यंत फेकले. तपांबरातील धूळ पाऊस काही दिवसांत धुऊन काढतो. स्थितांबरात पाऊस नाही. तिथे तयार झालेले बारीक कण दोन-तीन वर्षे टिकले आणि १९९२ साली पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले.

निरनिराळ्या कसोट्यांची सरमिसळ

काही चित्रांत तपांबर, स्थितांबर, ओझोनांबर, आयनांबर, बाह्यांबर अशी एकच रांग असते. एखाद्या वर्गाची 'उंच मुले, बुटकी मुले, कोकणातली मुले' अशी यादी करावी, तसा हा प्रकार आहे. स्थितांबर हा तापमानावरून ठरलेला थर. ओझोनांबर हे नाव घटकावरून, आणि तो स्थितांबराचाच एक भाग आहे. आयनांबर विद्युतभारावरून ठरते. ते मध्यांबराच्या वरच्या भागापासून दलांबरात दूरवर पसरलेले आहे. रेडिओलहरी परत पाठवणारा हा भाग भारतीय विज्ञानाला जवळचा आहे. कलकत्त्यात शिशिरकुमार मित्रा यांनी त्यावर आयुष्यभर संशोधन केले आणि १९४७ साली उच्च वातावरणावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९६३ साली पहिले संशोधन रॉकेट उडवण्यासाठी केरळमधील थुंबा निवडले गेले, तेही तिथून जवळच चुंबकीय विषुववृत्त जाते आणि त्यावरील आयनांबरात विजेचा एक खास प्रवाह वाहतो म्हणून.

दलांबराचे तापमान हजार अंशांपर्यंत जाते, असे लिहिल्यावर उपग्रह वितळत का नाही हा प्रश्न येणारच. फुलबाजीची ठिणगी हजार अंशांच्या आसपास असते, तरी हातावर पडली तर क्षणभर टोचते एवढेच. तिच्यात द्रव्य फार थोडे असते. दलांबरात तर रेणू इतके विरळ की त्यांच्याकडून मिळणारी उष्णता नगण्य असते. पण तिथे हवा अजिबात नाही असेही नाही. सूर्य जास्त क्रियाशील झाला की दलांबर फुगते आणि उपग्रहांना होणारा रोध वाढतो. १९७९ साली स्कायलॅब अपेक्षेपेक्षा लवकर कोसळले त्यामागे हेच कारण होते. २०२२ च्या फेब्रुवारीत सौर वादळामुळे नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी सुमारे ४० याच कारणाने गमावले गेले.

आलेख आला तर काय साधते

ओझोनचे छिद्र पडले, त्यातून ऊन जास्त येऊ लागले आणि म्हणून पृथ्वी तापते आहे, हे वाक्य अनेक निबंधांत आणि भाषणांत ऐकू येते. हा पाच पट्ट्यांच्या चित्राचाच परिणाम आहे. ओझोनचा पट्टा पांघरुणासारखा रंगवलेला असतो, आणि पांघरूण फाटू शकते. प्रत्यक्षात ओझोन सर्वांत जास्त असतो तिथेही दर दहा लाख रेणूंत तो दहाच्या आसपासच असतो. साऱ्या वातावरणातील ओझोन जमिनीवरच्या दाबाला आणि शून्य अंशाला आणला तर त्याचा थर सुमारे तीन मिलिमीटर भरेल. १९८५ साली अंटार्क्टिकावर आढळलेले छिद्र म्हणजे तिथल्या वसंत ऋतूत हे प्रमाण फार घटणे. त्यामुळे अतिनील किरण जास्त येतात आणि त्वचेचे व डोळ्यांचे विकार वाढण्याचा धोका निर्माण होतो. १९८७ च्या माँट्रिअल करारानंतर त्याला कारण असलेली रसायने वापरातून गेली आणि ओझोन हळूहळू सावरतो आहे. पृथ्वी तापण्याचे मुख्य कारण वेगळे आहे.

ते वेगळे कसे ओळखायचे? इथेच थर उपयोगी पडतात. सूर्य जास्त प्रखर झाल्याने पृथ्वी तापत असती, तर तपांबराबरोबर स्थितांबरही तापायला हवे होते. १९६७ साली मानाबे आणि वेदरल्ड यांनी गणिताने दाखवले होते की कार्बन डायऑक्साइड वाढला तर जमिनीजवळची हवा तापेल, पण स्थितांबर थंड होईल. कारण वरच्या विरळ हवेत हा वायू अवकाशात उष्णता सोडण्याचे काम करतो. १९७९ पासूनच्या उपग्रहांच्या मोजमापांत नेमके हेच दिसते: तपांबर तापते आहे आणि स्थितांबर थंड झाले आहे. त्याच्या खालच्या भागात ओझोन घटल्याचाही वाटा आहे, पण वरच्या भागातील घट मुख्यतः कार्बन डायऑक्साइडमुळे आहे. म्हणजे दोन थरांच्या तापमानांची तुलना केली की कारण सूर्य की वाढता वायू याचा निवाडा होऊ शकतो. पाच नावे क्रमाने म्हणता येणाऱ्या विद्यार्थ्याला हा युक्तिवाद कळणार नाही. ज्याने तापमानाचा आलेख एकदा स्वतः काढला आहे, त्याला तो पाच मिनिटांत कळेल.

म्हणून आमची सूचना माफक आहे. पुस्तक बदलेपर्यंत थांबू नये. आलेखाच्या कागदावर पुढील आकडे मांडायला द्यावेत: जमिनीवर २७ अंश, १७ किलोमीटरवर उणे ८३, ५० किलोमीटरवर शून्याच्या आसपास, ८५ किलोमीटरवर सुमारे उणे ९०, आणि त्यापुढे चढता बाण. बिंदू जोडून वळणे कोठे पडतात ते मुलांनीच शोधावे आणि मगच थरांची नावे सांगावीत. सांताक्रूझ आणि नागपूर येथून हवामान खात्याचे फुगे पहाटे व संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास वर जातात आणि आलेखाचा पहिला भाग रोज नव्याने काढतात, हेही सांगावे. प्रश्नपत्रिकेत 'थरांची नावे लिहा' याच्या जोडीला असा एखादा प्रश्न असावा: 'वळवाच्या ढगाचा माथा सपाट का होतो?' किंवा 'सूर्य प्रखर झाला तर कोणकोणते थर तापतील?' या प्रश्नांची उत्तरे पाठ करता येत नाहीत. त्यासाठी आलेख डोळ्यांसमोर आणावा लागतो.